सरहद्दीपलीकडचे औषधाचे दुकान



आमच्यासारख्या युनियनच्या कार्यकर्त्याला इतिहासावर बोलावयास बोलाविले, हे या व्याख्यानमालेच्या चालकांचे धाडसच म्हणावयास हवे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते लेथ मशीनपाशी, युनियनच्या कचेरीत आणि संध्याकाळी सातनंतर सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा राजेरजवाड्यांच्या लढायांचा इतिहास आमच्याकडून अपेक्षू नये. आम्ही आज एका लहानशा कुपीच्या किंमतीचा इतिहास सांगणार आहोत.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो एका औषधाच्या दुकानात. भोसरीच्या कारखान्यातील आमचे एक जुने सहकारी आहेत. त्यांची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. ती दोन वर्षांनी माहेरी येते आणि परत जाताना तिच्या सामानात गोडा मसाला, मेतकूट आणि चकल्या यांच्या जोडीला औषधांचे एक पुडके असते. त्यात मुख्य म्हणजे दम्याचे पंप. एकदा डॉक्टरची चिठ्ठी घेऊन ते पंप आणावयास आम्ही दोघे गेलो होतो. दुकानदार पंप मोजून काढीत असताना आमचे सहकारी म्हणाले, "अण्णा, ज्या देशातल्या कंपन्या हे काढतात त्या देशात ते परवडत नाहीत आणि आपल्या भोसरीत परवडतात, हे कसे काय?" आम्ही तीस वर्षे कामगारांना पगारवाढीचे गणित समजावून सांगत आलो, पण या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून वाचावयास बसलो. वाचता वाचता कळले ते असे की, ही गोष्ट परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांपुरती नाही. अमेरिकेचे अस्सल नागरिक, पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसे, बसगाड्या भरभरून औषधासाठी शेजारच्या कॅनडात आणि मेक्सिकोत जात आली आहेत.

या गोष्टीचा प्रारंभ आम्ही कॅनडातील टोरांटो शहरापासून करतो. १९२१ च्या उन्हाळ्यात तेथील विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिओड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग नावाचा तरुण शस्त्रवैद्य आणि चार्ल्स बेस्ट नावाचा विद्यार्थी कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून एक अर्क काढण्याच्या खटपटीत होते. पुढे रसायनज्ञ कॉलिप त्यांना येऊन मिळाले. त्या काळी लहान वयात मधुमेह जडला की मृत्यू ठरलेला असे. डॉक्टर मुलाला जवळजवळ उपाशी ठेवीत आणि त्याचे मरण काही महिने लांबवीत, एवढाच काय तो उपचार. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या इस्पितळात चौदा वर्षांच्या एका मुलाला हा अर्क टोचण्यात आला. पहिला अर्क अशुद्ध होता, फारसा गुण आला नाही. कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा टोचले आणि मुलाची साखर उतरली. तेच इन्सुलिन.

आता पुढची गोष्ट नीट ऐकावी. या शोधाच्या पेटंटावर बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांना हवा तेवढा पैसा मिळविता आला असता. त्यांनी १९२३ साली आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. पेटंट घ्यावयाचेच ते एवढ्यासाठी की, दुसऱ्या कोणी ते घेऊन जगाची अडवणूक करू नये. मोठ्या प्रमाणावर उत्पादन व्हावे म्हणून विद्यापीठाने अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या इलाय लिली कंपनीशी करार केला. येथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. कारखान्याशिवाय औषध घरोघर पोहोचत नाही, हे आमच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

१९९६ साली याच कंपनीने इन्सुलिनचा एक सुधारलेला प्रकार बाजारात आणला. त्याची कुपी तेव्हा अमेरिकेत २१ डॉलरला मिळे. वीसएक वर्षांनी त्याच कुपीची छापील किंमत २७५ डॉलरांच्या आसपास गेली. कंपन्यांच्या वतीने म्हटले जाते की, नवे औषध शोधावयास अफाट खर्च येतो, तो कोठून तरी भरून निघावयास हवा. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. १९९६ चे औषध बँटिंगचे औषध नव्हते, त्यावर नवे संशोधन झाले होते, हे आम्ही कबूल करतो. परंतु १९९६ ची कुपी आणि वीस वर्षांनंतरची कुपी यांत आत तेच औषध होते. किंमत मात्र तेरा पट झाली. त्या वाढीत संशोधन कोठे शोधावयाचे?

यात एक अडत्याही आहे. अमेरिकेत विमा कंपनी आणि औषध कंपनी यांच्यामध्ये सौदा जमविणारे मध्यस्थ असतात. औषध कंपनीने छापील किंमत चढवावयाची आणि त्यातून भरघोस कटौती या मध्यस्थाला व विमेवाल्याला द्यावयाची, अशी रीत तेथे पडली. छापील आकडा जितका मोठा तितकी कटौती मोठी. ज्याच्याजवळ विमा नाही तो बिचारा पुरा छापील आकडा मोजतो. आमच्या मार्केट यार्डातील शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज पडू नये.

तिकडे सरहद्दीच्या उत्तरेला काय घडत होते? ज्या १९२३ साली इन्सुलिनचे हक्क एका डॉलरला दिले गेले, त्याच साली कॅनडाने आपल्या पेटंट कायद्यात एक कलम घातले: औषधाचे पेटंट एकाकडे असले तरी दुसऱ्याला ते बनविण्याचा परवाना सरकारी अधिकारी देऊ शकेल. मात्र माल कॅनडातच तयार झाला पाहिजे, अशी अट होती. देश लहान, बाजार लहान. त्यामुळे ते कलम पुष्कळ वर्षे कागदावर राहिले. १९६९ साली ती अट काढण्यात आली आणि कच्चे औषध बाहेरून आणून परवान्यावर विकण्याची मोकळीक मिळाली. पेटंटवाल्याला साधारण चार टक्के स्वामित्वधन देण्याचा प्रघात पडला. परिणाम काय झाला? प्राध्यापक ईस्टमन यांच्या सरकारी चौकशी आयोगाने १९८५ साली हिशेब मांडला की, १९८३ या एकाच वर्षी त्यामुळे कॅनडाच्या जनतेचे २१ कोटी १० लाख डॉलर वाचले.

हे सुख टिकले नाही. अमेरिकेशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी चालू असतानाच, १९८७ साली, कॅनडाने परवान्याची ती पद्धत आवळली आणि १९९३ साली मोडूनच टाकली. परंतु १९८७ च्या भांडणात जनतेच्या बाजूने एक गोष्ट पदरात पडली. पेटंट असलेल्या औषधांच्या किंमतींवर देखरेख करणारे एक मंडळ स्थापन झाले. नव्या औषधाची किंमत फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वीडन, स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि अमेरिका या सात देशांतील किंमतींशी हे मंडळ ताडून पाही, आणि ती अवाजवी ठरली तर खाली आणावयास लावी. शिवाय प्रत्येक प्रांताचे सरकार आपल्या योजनेसाठी घाऊक घासाघीस करी. एवढीच काय ती कॅनडाची जादू! तेथील कंपन्या काही धर्मादाय नव्हत्या, कारखाने वेगळे नव्हते. कित्येकदा एकाच कारखान्यातून निघालेली एकच गोळी सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन भावांनी विकली जाई. येथे एक खुलासा करणे न्यायाचे होईल. पेटंटची मुदत संपलेली साधी औषधे अमेरिकेत कित्येकदा कॅनडाहून स्वस्त मिळत. खरा फरक होता तो ज्या औषधावर एकाच कंपनीचा मक्ता असे त्याच्या बाबतीत.

अमेरिकेत असे प्रयत्न कोणी केलेच नाहीत, असे समजू नये. टेनेसी राज्याचे सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी १९५९ च्या डिसेंबरात औषधांच्या किंमतींची जाहीर चौकशी सुरू केली. काही काळ मक्ता भोगल्यावर कंपनीने दुसऱ्यांना परवाना दिलाच पाहिजे, असे कलम त्यांच्या मसुद्यात होते. तेवढ्यात थॅलिडोमाइड या औषधामुळे युरोपात हजारो मुले अपंग जन्मल्याची बातमी आली, देश हादरला, आणि १९६२ साली कायदा झाला. त्यात औषध गुणकारी आहे हे सिद्ध करण्याची सक्ती आली, हे उत्तमच झाले. पण किंमतीविषयीची कलमे वाटेतच गाळली गेली. पुढे १९८७ च्या एका कायद्याने तर असे ठरविले की, अमेरिकेत तयार होऊन परदेशी गेलेले औषध परत देशात आणावयाचे झाल्यास ते फक्त मूळ उत्पादकालाच आणता येईल. भेसळ रोखण्याचे कारण त्यामागे होते. पण त्याचा दुसरा अर्थ असा झाला की, स्वस्त माल परत येण्याचा दरवाजा बंद, आणि किल्ली ज्याला तो दरवाजा बंद हवा त्याच्याच कमरेला!

तरीही माणसे गेली. स्वतःपुरते तीन महिन्यांचे औषध आणणाऱ्या म्हाताऱ्याला पकडून काय करावयाचे, असा विचार करून सरकारी खात्याने सहसा डोळेझाक केली. १९९९ च्या जुलैत व्हरमाँट राज्याचे त्या वेळचे प्रतिनिधी बर्नी सँडर्स स्तनांच्या कर्करोगाने पीडित अशा काही स्त्रियांना घेऊन माँट्रियलला गेले. टॅमॉक्सिफेन नावाचे औषध त्यांना तेथे अमेरिकेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंमतीत मिळाले. मग ठिकठिकाणाहून पेन्शनरांच्या बसगाड्या निघू लागल्या. दक्षिणेकडे मेक्सिकोच्या हद्दीतही तसेच. ॲरिझोनातील युमा शहराजवळ लॉस अल्गोदोनेस नावाचे एक खेडे आहे. तेथे औषधविक्रेते, चष्मेवाले आणि दंतवैद्य यांचीच काय ती वस्ती म्हणावी! हिवाळ्यात उत्तरेकडून उबेसाठी आलेली वृद्ध माणसे गाडी अलीकडे लावून पायी सरहद्द ओलांडीत. मात्र मेक्सिकोची बाजू सर्वस्वी उजळ नव्हती. २०२३ साली संशोधकांनी तेथील काही सरहद्दीच्या गावांत दुकानांतून गोळ्या विकत घेऊन तपासल्या, तेव्हा कित्येक वेदनाशामक गोळ्यांत फेंटानिलसारखे जीवघेणे मादक द्रव्य निघाले. औषधाच्या दुकानाची पाटी ही काही हमी नव्हे.

या बसगाड्यांनी काय साधले? युनियनचा माणूस म्हणून आम्हाला येथे थोडे थांबावेसे वाटते. कारखान्यातील कामगाराला आपण कमी पगारावर राबतो आहोत, हे पुष्कळदा उपाशी राहूनही उमगत नाही. उमगते केव्हा? शेजारच्या कारखान्यातील कामगाराचे पगारपत्रक हाती येते तेव्हा. तेच काम, तेच यंत्र, आणि आकडा दुप्पट! त्या एका चिठोऱ्याने जे काम होते ते आमच्या दहा भाषणांनी होत नाही. माँट्रियलच्या दुकानातील पावती हे अमेरिकेतील रोग्यांच्या हाती आलेले शेजारचे पगारपत्रक होते. औषध महाग आहे याचे कारण ते मौल्यवान आहे, असे त्यांना तोवर वाटत असे. ती पावती पाहिल्यावर तसे वाटण्याची सोय उरली नाही.

परंतु पगारपत्रक पाहिले म्हणजे पगार वाढला असे होत नाही, हेही तितकेच खरे. बसमधून गेला त्याचे तीन महिने भागले. ज्याला रजा नाही, गाडी नाही, पासपोर्ट नाही, किंवा जो अंथरुणाला खिळला आहे, त्याचे काय? आणि मालकही स्वस्थ बसले नव्हते. २००० साली परदेशातून औषध आणण्यास मुभा देणारा कायदा अमेरिकन काँग्रेसने केला. पण तो सुरक्षित आहे अशी ग्वाही आरोग्यमंत्र्यांनी दिल्याखेरीज अमलात येऊ नये, अशी मेख त्यात होती, आणि डिसेंबरात मंत्रीबाईंनी ती ग्वाही देण्याचे नाकारले. २००३ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड नगरपालिकेने आपल्या कामगारांना व पेन्शनरांना कॅनडातून औषधे मागविण्याची सोय करून दिली. त्याच वर्षी ग्लॅक्सो स्मिथक्लाइन कंपनीने अमेरिकनांना टपालाने औषधे पाठविणाऱ्या कॅनडातील दुकानांचा पुरवठा तोडला, आणि इतर कंपन्यांनी तिचा कित्ता गिरविला. त्याच डिसेंबरात वृद्धांच्या सरकारी विम्यात औषधांचा समावेश करणारा कायदा झाला, आणि त्यात एक कलम असे की, सरकारने औषध कंपन्यांशी किंमतीची घासाघीस करावयाची नाही. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने भाव विचारावयाचा नाही! आमच्या मंडईत असे कलम कोणी वाचून दाखविले तर भाजीवाल्या मावशीसुद्धा हसतील.

कॅनडाचीही एक अडचण होती, ती आपण समजून घेतली पाहिजे. कॅनडाची वस्ती चार कोटींच्या आसपास, अमेरिकेची चौतीस कोटींच्या आसपास. वाडीच्या विहिरीवर सारे शहर पाणी भरावयास आले तर वाडीने काय करावे? २०२० च्या नोव्हेंबरात कॅनडा सरकारने हुकूम काढला की, आपल्या देशात टंचाई होईल अशा रीतीने औषधे बाहेर पाठविता येणार नाहीत. त्यामुळे २०२४ च्या जानेवारीत फ्लोरिडा राज्याला कॅनडातून घाऊक औषधे आणण्याची परवानगी अमेरिकेच्या खात्याने दिली, तेव्हा उत्तरेकडून लगेच नापसंतीचा सूर उमटला. तो आम्हाला तरी अयोग्य वाटत नाही.

आता पुन्हा इन्सुलिनकडे येऊ. मिनेसोटा राज्यात २०१७ साली सव्वीस वर्षांचा एक तरुण मेला. तो एका उपाहारगृहात व्यवस्थापक होता. वय सव्वीस झाले तसे आईच्या विम्यातून त्याचे नाव निघाले. इन्सुलिन परवडेना म्हणून तो ते पुरवून पुरवून घेत राहिला, आणि महिनाभरात गेला. त्याची आई रडत घरी बसली नाही. तिच्यासारख्या आणखी माणसांनी एकत्र येऊन २०१९ च्या मे आणि जून महिन्यांत मोटारींचा तांडा कॅनडात नेला. जूनमधील तांडा गेला लंडन या गावी. हे लंडन विलायतेतले नव्हे, कॅनडाच्या ऑन्टेरिओ प्रांतातले. या गावातील एका घरात १९२० साली रात्री बँटिंगला इन्सुलिनची कल्पना सुचली होती. ते घर आता स्मारक आहे. एक डॉलरला दिलेले औषध विकत घेण्यासाठी ती माणसे त्याच्या जन्मघरी आली होती. एका अमेरिकन संस्थेने २०१८ चे आकडे घेऊन पुढे हिशेब मांडला: कंपनीच्या भावाने इन्सुलिनच्या एका प्रमाणित एककाची सरासरी किंमत अमेरिकेत ९८ डॉलर ७० सेंट, कॅनडात १२ डॉलर.

येथे कोणी म्हणेल, आपल्याकडे हे सर्व आपोआप स्वस्त आहे, मग आपल्याला काय त्याचे? आपोआप! याच केफॉव्हर समितीच्या १९६१ च्या अहवालात हिंदुस्थानचा उल्लेख आहे. औषधांच्या चढ्या किंमतींत हिंदुस्थान जगातील वरच्या देशांत मोडतो, असे तेथे नमूद आहे. त्या वेळी आपल्याकडे इंग्रजांचा १९११ चा पेटंट कायदा चालू होता, आणि तो औषधाच्या वस्तूवरच मक्ता देई. १९४८ साली नेमलेली टेकचंद समिती, मग १९५९ चा न्यायमूर्ती अय्यंगार यांचा अहवाल, आणि अखेर १९७० चा कायदा, अशी बावीस वर्षे गेली. या कायद्याने औषधाच्या वस्तूवरील पेटंट काढून टाकले आणि केवळ बनविण्याच्या कृतीवर, तेही फार तर सात वर्षांचे, ठेवले. १९७२ च्या एप्रिलपासून तो अमलात आला. पण कायदा करावयाचा तर औषध बनविता येणारे हात हवेत. ते हात घडविणारा पहिला सरकारी कारखाना आमच्याच शेजारी पिंपरीला, १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन करू लागला होता. २००५ साली जागतिक व्यापार कराराप्रमाणे वस्तूवरील पेटंट आपल्याकडे पुन्हा आले. तेव्हा ही स्वस्ताई वतन म्हणून मिळाली आहे अशा भ्रमात कोणी राहू नये. आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या कायद्यात आहे.

दुसरे अर्धे अमेरिकेत घडत गेले. मिनेसोटाच्या विधिमंडळाने २०२० साली कायदा केला, की निकडीच्या वेळी ३५ डॉलरांत तीस दिवसांचे इन्सुलिन द्यावे लागेल. त्या मुलाचे नाव कायद्याला दिले. कंपन्यांच्या संघटनेने त्यावर दावा लावला. २०२२ साली केंद्राच्या कायद्याने वृद्धांच्या सरकारी विम्यात हीच महिना ३५ डॉलरची मर्यादा घातली आणि २००३ ची ती घासाघिशीची बंदी काही औषधांपुरती उठविली. पहिल्या दहा औषधांचे ठरलेले भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. २०२३ च्या मार्चमध्ये इन्सुलिन कंपन्यांनी आपण होऊन छापील किंमती सत्तर टक्क्यांच्या घरात उतरविल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांत त्यांच्या उदारपणाची तारीफ आली. २०२४ पासून गरिबांच्या सरकारी विम्यात जुन्या किंमतवाढीचा दंड पूर्ण भरावा लागणार होता, ही गोष्ट त्या बातम्यांत तळाशी होती.

२०२४ च्या जानेवारीत सिनेटच्या एका समितीने दम्याच्या पंपांची चौकशी हाती घेतली. तीत एका पंपाचा भाव अमेरिकेत ४८९ डॉलर आणि फ्रान्समध्ये ७ डॉलर असा समोरासमोर मांडला. पुन्हा शेजारचे पगारपत्रक! मार्चमध्ये तीन मोठ्या कंपन्यांनी रोग्याला महिन्याला ३५ डॉलरहून अधिक द्यावे लागणार नाही, असे जाहीर केले. गेल्या खेपेस आमच्या सहकाऱ्याची मुलगी आली तेव्हा तिने केलेली यादी आम्ही मुद्दाम पाहिली. पंप चारऐवजी एकच होता, तोही वाटेत लागला तर असावा म्हणून. बाकी यादीत गुडघ्याला लावावयाचे मलम, मुलांसाठी तापाचे औषध आणि दोन किलो गोडा मसाला होता.